‘भेकड’ या शब्दाची झडती



आपल्या अंकासाठी येणाऱ्या कविता वाचायचं काम काही वर्षं माझ्याकडे आहे. बहुतेक कविता तरुण पोरांच्या. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल, वडसा, आरमोरी, चामोर्शी, कधी थेट सिरोंच्याहून आलेल्या. आग आहे, वाचन आहे, राग तर आहेच. पण या कवितांना एक खोड लागली आहे आणि ती आता तोंडावर सांगितली पाहिजे. कविता तीन-चार कडवी व्यवस्थेशी भांडते, आणि मग एकाएकी मागे वळून आपल्याच माणसांच्या अंगावर जाते. षंढ, नामर्द, बायले, भेकड. बांगड्या भरा, लुगडी नेसा. म्हणजे मनूला दोन शिव्या आणि आपल्या बापाला चार.

सभेतही तेच. वक्ता तापला की समोर बसलेल्या शेतमजुरांना भेकड म्हणतो आणि शेतमजूर टाळ्या वाजवतात. टाळ्या कशासाठी वाजतात? मला वाटतं, प्रत्येकाला वाटतं की हा शेजारच्याला बोलतोय.

विद्रोहाच्या साहित्यात शिवी असू नये असं मी म्हणत नाही. सोवळ्या भाषेची भीक आपण १९७२ च्या आधीपासून नाकारलेली आहे, आणि ‘गोलपिठा’ वाचून ज्यांना मळमळलं त्यांच्या रांगेत मला उभं राहायचं नाही. माझं भांडण शिवीशी नाही, शिवीच्या पत्त्याशी आहे. शिवी कुठून आली, कोणाच्या घरची, आणि कोणाच्या दारात जाऊन पडते, एवढं तरी कवीने पाहायला नको?

आधी शब्दच उलटेपालटे करून बघू.

धैर्य नसलेल्या माणसासाठी मराठीत शब्दांचा दुष्काळ नाही. एक घराणं सरळ भीतीचं. भित्रा, भेकड, भ्याड, आपल्याकडचं भेव. सगळ्यांच्या मुळाशी ‘भी’ हा एकच धातू. डरपोक हिंदीकडून आला. बल्लारपूर, घुग्घुस, राजुऱ्याकडच्या कोळसा खाणीत आणि कारखान्यात तो आता मराठीच झाला आहे. सिरोंच्याकडे तेलुगूत पिरिकी म्हणतात. या घराण्यातल्या शब्दांत निदान प्रामाणिकपणा आहे. माणूस भ्याला, म्हणून त्याला भित्रा म्हटलं. त्यात दुसऱ्या कोणाची बेइज्जती नाही.

पण या शब्दांतही उतरंड आहे. भित्रा म्हणजे स्वभाव. लहान पोर भित्रं असतं, ससा भित्रा असतो, त्यात लाड आहे. भेकड म्हटलं की निवाडा आला. जिथे भिऊ नये तिथे हा भ्याला, असा ठपका आला. ठपका म्हटलं की ठपका ठेवणारा आला, आणि तो बहुतेक वेळा खुर्चीवर बसलेला असतो. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुसरं घराणं बघा. बायल्या. भागूबाई. बांगड्या भरल्यात काय. लुगडं नेस. आणि ‘गर्भगळीत’! हा शब्द तर आपले मास्तर शुद्ध मराठी म्हणून निबंधात लिहायला लावत. भीतीने बाईचा गर्भ गळतो, त्यावरून पुरुषाच्या भीतीचं नाव पडलं. दुष्काळात खडी फोडताना, वेठबिगारीच्या ओझ्याखाली, बाजेवर पडायला जागा नाही म्हणून ज्यांचे गर्भ गळले त्या आपल्या आज्या-पणज्या. त्यांच्या त्या मरणयातनेला मराठीने भित्र्या पुरुषाचं विशेषण करून टाकलं आणि आपण ते पोरांना घोकायला दिलं.

तिसरं घराणं जनावरांचं. शेपूट घालणारा कुत्रा, घरकोंबडा, आणि शेळपट. व्युत्पत्ती काय असेल ती असो, कानाला त्यात शेळीच ऐकू येते. बळी शेळीचा देतात, सिंहाचा नाही, अशा अर्थाचं वचन बाबासाहेबांच्या नावावर आपल्या प्रत्येक सभागृहाच्या भिंतीवर रंगवलेलं आहे. ही कल्पना संस्कृत सुभाषितातही जुनीच. पण त्या सुभाषिताचा रोख शेळीवर नाही हो. रोख आहे दुबळ्याचाच घास घेणाऱ्या देवावर. आपण भिंतीवरचं अर्धं वाचलं आणि शेळीला शिव्या द्यायला लागलो.

चौथं घराणं नामर्द, षंढ, हिजडा यांचं. नामर्द फारसीतून आला, षंढ संस्कृतातून. इतर वेळी एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या दोन दरबारी भाषा इथे मात्र एकमत. पुरुषाचं इंद्रिय चाललं तर शौर्य, नाही चाललं तर भेकडपणा. आणि आज आपल्या आंबेडकरी चळवळीत दिशा पिंकी शेख यांच्यासारख्या तृतीयपंथी कवी आहेत, कार्यकर्त्या आहेत, ज्या वंचित बहुजन आघाडीच्या प्रवक्त्या म्हणून टीव्हीवर उभ्या राहिल्या. भर रस्त्यात रोज शिव्या खाऊन पुन्हा त्याच रस्त्यावर उभं राहायला काय लागतं ते आपल्यातल्या कोणत्या मर्दाने सांगावं?

पोरांची आजची बोली, फट्टू, फाटली, तिचं मूळ मी इथे उकलत बसत नाही. तुम्हाला माहीत आहे.

आता मुद्द्याचं. या शब्दांचा वापर गावात कसा होतो ते बघा, शब्दकोशात नाही. एकच कृती घ्या. भांडण पेटलेलं आहे आणि एक माणूस गप्प राहून बाजूला झाला. तो पाटील असेल तर तो धोरणी. वकील असेल तर मुत्सद्दी. मास्तर असेल तर भिडस्त. ‘भिडस्त’ हा मराठीतला भित्रेपणासाठीचा सर्वांत इस्त्रीचा शब्द. घरातली बाई असेल तर सोशिक. आणि तो बौद्धवाड्यातला असेल तर भेकड. कृती तीच, शब्द पाच.

हे झालं गप्प राहण्याचं. तो गप्प राहिला नाही तर? बौद्धवाड्यातला माणूस ताठ उभा राहिला, डोळ्याला डोळा भिडवून बोलला, तर गाव त्याला शूर म्हणतं? या दोन जिल्ह्यांत माझं आयुष्य गेलं, गावाच्या तोंडून आपल्या माणसासाठी ‘शूर’ हा शब्द मी ऐकलेला नाही. गावाकडे त्यासाठी वेगळा शब्द तयार आहे. माजला. मस्ती चढली. लय उडायला लागले हे. नवी चप्पल घातली तरी माज, पोराचं नाव चांगलं ठेवलं तरी माज, मोटारसायकलवर निळा झेंडा लावला तरी माज. म्हणजे गावच्या मराठीने आपल्याला दोनच खोल्या बांधून दिल्या. एकीवर पाटी भेकड, दुसरीवर पाटी माजलेला. मधे जी जागा आहे, जिथे माणूस नुसता माणसासारखा राहतो, कधी भितो, कधी भिडतो, ती जागा सवर्णाच्या मालकीची.

आणि ही भाषा किती खोटारडी आहे याचा पुरावा गावगाड्यातच पडलेला आहे. या गावाची राखण कोण करत होतं? मध्यप्रांताच्या काळात चांदा जिल्ह्यातला कोतवाल बऱ्याच गावांत महारच होता. रात्रीची गस्त त्याची. गावच्या जन्ममृत्यूची खबर घेऊन ठाण्याला जायचं काम त्याचं. ठाणं म्हणजे दोन गल्ल्या पलीकडे नाही. मधे साग, ऐन, मोह आणि वेळूचं रान. हातात काठी. माझा आजा हे काम करत होता. साहेब दौऱ्यावर आला की पुढे वाट दाखवायला हाच, चोराचा माग काढायला हाच, शिवेचा वाद झाला की शीव कुठे आहे ते सांगायला हाच. गावाला रात्री झोप लागायची कारण हा जागा होता. आणि सकाळी ज्याच्या राखणीवर झोपले त्यालाच गाव म्हणायचं, याची काय हिंमत!

सरकारनेही तेच केलं, फक्त इंग्रजीत आणि शिक्का मारून. १ जानेवारी १८१८ ला कोरेगावला जे लढले त्यांची नावं स्तंभावर कोरली, आणि त्याच शतकाच्या शेवटी, १८९२ च्या सुमारास, महारांची फौजभरती बंद केली. लढवय्या जाती आणि बिनलढवय्या जाती अशी विभागणी काढली. एका अख्ख्या जातीला सरकारी कागदावर भेकड ठरवलं, ती जात पिढ्यान् पिढ्या पलटणीत असताना. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली थेट भारतमंत्र्याकडे अर्ज धाडला. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ ला १११ वी महार पलटण उभी केली. युद्ध संपलं, गरज सरली, १९२१ ला मोडली. १९४१ ला पुन्हा युद्ध, पुन्हा महार रेजिमेंट. आता सांगा, १९१७ ला शूर असलेली जात १९२१ ला भेकड कशी झाली आणि वीस वर्षांनी पुन्हा शूर कशी झाली? शौर्य माणसांत बदलत नव्हतं, सरकारच्या गरजेत बदलत होतं. ‘भेकड’ हे वर्णन कधीच नव्हतं. तो हुकूम होता.

हा हुकूम आपल्या हातात आल्यावर आपण काय करतो, हा खरा प्रश्न.

बाबुराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा संग्रह १९६३ चा. त्यातली नावाचीच कथा आपल्यातल्या बहुतेकांनी वाचली असेल. नोकरीसाठी परगावी गेलेला तरुण खोली मिळावी म्हणून जात लपवतो. त्याच ठिकाणी काशिनाथ आहे, जो जात सांगून छाती काढून फिरतो आणि अंगावर आलेल्याला अंगावर घेतो. आमचे तरुण समीक्षक ही कथा वाचतात आणि सरळ मार्क वाटतात. काशिनाथ शूर, जात चोरणारा भेकड. मला हे वाचन उथळ वाटतं. बागुलांना काशिनाथचीच कथा लिहायची असती तर त्यांनी ती काशिनाथच्या तोंडून लिहिली असती. त्यांनी ‘मी’ दिला तो भिणाऱ्याला. का? कारण भीती आतून कशी दिसते ते काशिनाथ सांगू शकत नाही. दार वाजलं की पोटात काय होतं, कोणी आडनाव विचारलं की जीभ कशी कोरडी पडते, चांगला वागणारा घरमालक जितका चांगला तितका तो जास्त भीतीदायक कसा होतो, हे ज्याने लपवलं त्यालाच ठाऊक. आणि मार पडतो तेव्हा काशिनाथच येऊन त्याला सोडवतो. तो त्याला भेकड म्हणून सोडून जात नाही. बागुलांनी एका भित्र्या माणसाला गोष्ट सांगायचा मान दिला, ही माझ्या मते त्या कथेतली सर्वांत विद्रोही गोष्ट आहे.

आणि अण्णा भाऊंचा ‘फकिरा’. १९५९ ची कादंबरी, बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केलेली. आपल्या साहित्यात फकिरापेक्षा शूर नायक मला दाखवा. उपाशी वस्तीसाठी धान्य लुटणारा, इंग्रजांना न आवरणारा. तो शेवटी काय करतो? शरण जातो. त्याच्यासाठी अख्खी जमात कोंडून घातली, तिला सोडवायला तो स्वतः होऊन शत्रूच्या हातात जातो. आपल्याकडे येणाऱ्या कवितांच्या मापाने मोजलं तर फकिरा भेकड ठरेल. त्याला कोणी तसं म्हणणार नाही, कारण का गेला ते अण्णा भाऊंनी आपल्याला सांगितलं आहे. मग खेड्यातला जो माणूस हात जोडून मागे आला, तो का आला, त्याच्यामागे कोण कोंडलेलं होतं, हे विचारायला कवीला कोणी अडवलं आहे?

महाडचं तर आपण दरवर्षी भाषण करतो, पण त्यातला हा भाग गिळून टाकतो. २० मार्च १९२७. पाणी पिऊन लोक परतले, जेवायला बसले, आणि आता हे देवळात शिरणार अशी आवई उठवून सनातन्यांनी हल्ला केला. आपल्या बाजूला पलटणीतून निवृत्त झालेले गडी होते. त्यांनी उलट मारलं असतं तर हिशेब चुकता झाला असता. बाबासाहेबांनी त्यांना आवरलं. त्याच वर्षी डिसेंबरात पुन्हा हजारो जमले, मनुस्मृती जाळली, सत्याग्रहाला जायला उतावीळ झाले. पण सनातन्यांनी कोर्टाचा मनाई हुकूम आणला होता. बाबासाहेबांनी सत्याग्रह तहकूब केला. तळ्याभोवती मिरवणूक फिरली, पाण्याला हात लागला नाही. त्या रात्री मंडपात किती जणांच्या मनात काय काय आलं असेल! आजच्या आमच्या कवीने तिथे माईक हातात घेतला असता तर काय म्हणाला असता, विचार करा. पुढे दावा चालला. १९३७ साली मुंबई हायकोर्टातून तळं आपलं झालं. दहा वर्षं. या दहा वर्षांच्या चिकाटीला शौर्याच्या यादीत नाव नाही, कारण तिचा पोवाडा होत नाही.

आता खैरलांजी. २९ सप्टेंबर २००६, भंडारा जिल्हा, मोहाडी तालुका. भोतमांगे कुटुंबातली चार माणसं गावच्या जमावाने मारली. भैय्यालाल भोतमांगे एकटे वाचले. अशा प्रत्येक घटनेनंतर आपल्याच लोकांत एक प्रश्न हळू आवाजात फिरतो. पळाला का? मधे का पडला नाही? हा प्रश्न विचारणाऱ्याला मी उलट विचारतो, तू ‘भ्याड’ हा शब्द कोणासाठी राखून ठेवला आहेस? एका घरावर अख्खा जमाव चालून जातो, त्यात दोन बायका, दोन पोरं, हातात काही नाही. मराठीत याला भ्याडपणा म्हणत नसतील तर तो शब्द शब्दकोशातून काढून टाका. वर्तमानपत्रांना ‘भ्याड हल्ला’ हा जोडशब्द चांगला माहीत आहे. १ मे २०१९ ला कुरखेड्याजवळ जांभुळखेड्याला सुरुंग फुटून १५ पोलीस आणि त्यांचा ड्रायव्हर मेला, तेव्हा भ्याड हल्ल्याचा निषेध झाला, आणि व्हायलाच पाहिजे होता, तीही आपल्यासारख्याच घरची पोरं. पण खैरलांजीच्या सुरुवातीच्या बातम्यांत भ्याड शब्द शोधा. तिथे अनैतिक संबंधांची कुजबुज छापली गेली. २००८ ला भंडाऱ्याच्या कोर्टाने सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप दिली पण ॲट्रॉसिटीचा कायदा लावला नाही. २०१० ला नागपूर खंडपीठाने फाशीची २५ वर्षांची कैद केली. आणि ज्याला हळू आवाजात भेकड म्हटलं गेलं तो माणूस २०१७ च्या जानेवारीत मरेपर्यंत, दहा वर्षं, न्याय मागत राहिला. डोळ्यांदेखत घर संपल्यावर दुसऱ्या दिवशी उठून तक्रार सांगायची असते. ज्याला ते सोपं वाटतं त्याने कविता लिहू नये.

मग भेकड कोणीच नाही का? आहे. या शब्दावर बंदी घाला असं मी म्हणत नाही, तो योग्य घरी पोचवा म्हणतो. माझी कसोटी साधी आहे. बोलल्यावर तुझं काय जाणार आहे ते आधी बघ. ज्याची मजुरी पाटलाकडे, सरण पाटलाच्या रानात, पोरीच्या शाळेची वाट पाटलाच्या वाड्यावरून, तो गप्प राहिला तर ती भीती आहे आणि ती भीती शहाणी आहे. पण ज्याचा पगार पक्का, बदलीपलीकडे ज्याचं काही बिघडत नाही, जो राखीव जागेवर निवडून येऊन पाच वर्षं आपल्या माणसांच्या प्रश्नावर तोंड उघडत नाही, जो चौदा ऑक्टोबरला पांढरे कपडे घालून दीक्षाभूमीवर जातो आणि पंधराला साहेबाच्या सत्यनारायणाचा प्रसाद हसत हसत घेतो, त्याला भेकड म्हणा. खुशाल म्हणा, नाव घेऊन म्हणा. बाबुराव शेडमाके १८५७-५८ ला याच रानात इंग्रजांशी लढला, २१ ऑक्टोबर १८५८ ला चांद्याच्या तुरुंगात फासावर गेला. त्याला पकडून इंग्रजांच्या हाती दिलं ते कोणा भित्र्या मजुराने नाही, अहेरीच्या जमीनदारीने, जिच्याकडे गमावण्यासारखी इस्टेट होती. भेकडपणा बहुधा इस्टेटीजवळ राहतो.

भीतीबद्दल आणखी एक. आपली झाडीबोली भीतीला लाजत नाही. ‘मले भेव लागते’ हे म्हातारी जितक्या सहज म्हणते तितक्या सहज ‘मले भूक लागली’ म्हणते. मार्च-एप्रिलात पहाटे मोह वेचायला जाणाऱ्या बाया, मे महिन्यात तेंदूपान तोडायला जाणाऱ्या बाया, या ताडोबाच्या भोवतीच्या आणि ब्रह्मपुरीच्या रानात वाघाच्या वाटेवर वाकून काम करतात. दरवर्षी त्यातल्या काही परत येत नाहीत. त्या जंगलात वाघाचं नाव घेत नाहीत, जनावर म्हणतात. घोळक्याने जातात, बोलत जातात. त्या भितात म्हणून जिवंत राहतात, आणि भिऊनही जातात म्हणून घर चालतं. हे दोन्ही एकाच बाईत आहे. तिला भित्री म्हणाल की शूर? तुमच्या दोन्ही शब्दांत ती बसत नाही, तर शब्द अपुरा आहे, बाई नाही.

मज्झिम निकायात भयभेरव नावाचं एक सुत्त आहे. वाचलं नसेल तर वाचा, ते आपल्या रानातलंच वाटेल. बुद्ध त्यात सांगतो की संबोधीच्या आधी तो मुद्दाम भीतीदायक रानात, अमावास्या-पौर्णिमेच्या रात्री राहायचा. जनावर जवळ यायचं, मोर एखादी काटकी पाडायचा, वाऱ्याने पाचोळा वाजायचा, आणि भीती यायची. यायची! तथागत म्हणत नाही की मला भीती ठाऊकच नव्हती. तो म्हणतो, चालताना भीती आली तर ती जाईपर्यंत मी चालतच राहिलो, बसलो नाही; बसलो असताना आली तर उठलो नाही. त्या सुत्तात ‘भीरु’ हा शब्दही आहे, आणि ज्यांचं वागणं स्वच्छ नाही ते रानात भय ओढवून घेतात, असं तिथे म्हटलं आहे. भीरू कोण, हे तिथे जन्माने ठरत नाही, लिंगाने ठरत नाही, आचरणाने ठरतं.

आणखी एक शब्द शेजारी ठेवतो. वीर्य. ब्राह्मणी परंपरेने त्याला पुरुषाच्या धातूत बसवलं, म्हणून ज्याच्यात ते नाही तो षंढ आणि षंढ म्हणजे भेकड, असा सगळा हिशेब. पालीत तोच शब्द विरिय. दहा पारमितांतली एक. अर्थ उद्योग, नेट, हाती घेतलेलं न सोडणं. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’मध्ये बाबासाहेबांनी या पारमिता मांडल्या आहेत. १६ ऑक्टोबर १९५६ ला चंद्रपुरात, बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे यांच्या पुढाकाराने, लाखोंनी दीक्षा घेतली. त्यांच्याबरोबर हा विरियही आपल्याकडे आला. बाया-पुरुष दोघांच्या वाट्याला सारखा आला. आणि आपण कवितेत पुन्हा षंढ-नामर्द लिहितो. म्हणजे धर्म बदलला, शब्दकोश तोच ठेवला.

बांगड्यांचं राहिलं. डिसेंबर २०१० मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या बाया दारूबंदीसाठी चिमूरहून नागपूरला विधानसभेवर चालत गेल्या. पारोमिता गोस्वामी आणि श्रमिक एल्गार त्यात होते. थंडीत, पायी, कडेवर पोरं घेऊन. २०१५ ला बंदी आली, २०२१ ला उठली. बंदी बरोबर की चूक यावर आपल्यात दोन मतं आहेत आणि मी त्यात इथे शिरत नाही. पण चिमूर ते नागपूर ज्या हातांनी बॅनर धरलं त्या हातांत बांगड्या होत्या. गाव सोडताना पारावर बसून ‘काय होते रे चालून’ म्हणणाऱ्या हातांत नव्हत्या. एवढं पाहूनही जो कवी बांगड्या भरायला सांगतो, त्याने निदान कोणाला सांगतोय ते नीट बघावं. तो बढती देतोय की शिवी?

या अंकासाठी आलेल्या कवितांपैकी तीन मी खुणा करून परत पाठवल्या आहेत. एकाचं उत्तर आलं, की तुम्ही म्हातारे झालात, रक्त थंड झालं. असू दे. चौथी कविता सिंदेवाहीकडच्या एका पोरीची आहे, मोहफुलं वेचायला गेलेल्या आईची वाट बघण्यावर. तिने सगळी कविता पुस्तकी मराठीत लिहिली आणि एकाच ठिकाणी ‘भेव’ लिहिलं. मुद्रितं तपासणाऱ्या मित्राने ते खोडून ‘भीती’ केलं आहे, शुद्धलेखन म्हणून. ते परत ‘भेव’ करावं ही संपादकांना विनंती.